सत्तांतर कोणाचे झाले?

1818 मध्ये पेशवाई बुडाली, मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि जुन्या राजवटीने दिलेल्या इनाम-वतनांचे करायचे काय, हा प्रश्न पुढची काही दशके नव्या साहेबांच्या मानगुटीवर बसला. देशपांड्यांचे दावे आले, गुरवांचे आले, पाटलांचे आले. तसे हिजड्यांचेही आले. पुणे आणि खानदेश भागात त्यांच्यातल्या काहींकडे आधीच्या राज्यकर्त्यांच्या सनदा होत्या. कुठे जमिनीचा तुकडा, कुठे दर घरामागे थोडे धान्य किंवा रोकड मागण्याचा हक्क. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने मुंबई सरकारच्या कागदपत्रांतून हे प्रकरण बाहेर काढले आणि 1987 मध्ये त्यावर लेख लिहिला. सनद खरी मानली तर तिचे पालन करावे लागणार, आणि पालन केले तर अशा माणसांना सरकारची मान्यता आहे असे दिसणार, असा साहेबांसमोरचा पेच होता. मागण्याचा हक्क सरकार राखणार नाही, असे अखेर ठरले. 1852 च्या इनाम कायद्याच्या नियमांत तर सार्वजनिक सभ्यतेला बाधा आणणारी इनामे चालू ठेवू नयेत, अशी सोयच होती. शिवाय हा वारसा गुरूकडून चेल्याकडे जाणारा. रक्ताच्या नात्याबाहेरचा वारसा नव्या चौकटीत बसेना.

शाळेच्या पुस्तकात 1818 हे सत्तांतराचे साल म्हणून पाठ करतो, तेव्हा हे प्रकरण कोणी सांगत नाही. ज्या विषयात वाचकाने पाऊल टाकावे म्हणून ही प्रस्तावना लिहितो आहे, त्याचा गाभा मात्र इथेच आहे. राजवट बदलते तेव्हा ती सगळ्यांसाठी एकाच दिवशी आणि एकाच दिशेने बदलते का?

संक्रमणकालीन न्याय नावाची अभ्यासशाखा तशी तरुण आहे. हुकूमशाही कोसळली, यादवी थांबली, वर्णद्वेषी राजवट गेली. आता मागच्या अत्याचारांचे काय, या प्रश्नातून ती वाढली. अर्जेंटिनात 1983 नंतर, चिलीत 1990 नंतर, दक्षिण आफ्रिकेत 1995 पासून जे प्रयोग झाले त्यांतून तिची हत्यारे घडली : खटले, सत्यशोधन आयोग, नुकसानभरपाई, जाहीर माफी, पोलीस-लष्कर-न्यायालयांची डागडुजी. रूटी टायटेल यांचे या विषयावरचे पायाभूत पुस्तक 2000 चे. 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सुरक्षा परिषदेला या विषयावर अहवाल दिला आणि शब्दाला सरकारी शिक्का मिळाला. या सगळ्या बांधकामात समलैंगिक, पारलिंगी, हिजडे, स्त्री-पुरुषाच्या ठरल्या साच्यात न मावणारी माणसे, थोडक्यात क्वीअर माणसे, कुठे आहेत, हे विचारायला आणखी दहा-पंधरा वर्षे जावी लागली. कॅथरीन फोबेअर, पाशा ब्युनो-हॅन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते नेटाने विचारले.

पीडितांच्या यादीत आणखी एक नाव वाढवा, एवढीच ही मागणी आहे असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ही क्वीअर दृष्टी आयोगाच्या यादीपेक्षा आयोगाच्या छापील अर्जाकडे जास्त बघते. अर्जावर अत्याचाराची सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा असतात, पीडिताचे लिंग असते, आणि वारसाचे नाते असते. क्वीअर माणूस या तिन्ही रकान्यांपाशी अडखळतो. अडखळण्याचे कारण त्याच्या आयुष्यात नसून अर्जात आहे, हे दाखवून देणे हे या शाखेचे काम.

तारखांचा रकाना आधी घेऊ, कारण त्यातला पुरावा सर्वांत ठसठशीत आहे. 1871 हे साल धरा. त्या साली जर्मन साम्राज्याच्या दंडसंहितेत पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 175 आले, आणि त्याच साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. जर्मनीत 1935 मध्ये नाझींनी कलम कडक केले. हजारो पुरुष छळछावण्यांत गेले, छातीवर गुलाबी त्रिकोण लावून. 1945 मध्ये छावण्या उघडल्या. जगाच्या दृष्टीने सत्तांतर झाले. पश्चिम जर्मनीने मात्र नाझींनी कडक केलेले तेच कलम 1969 पर्यंत जसेच्या तसे चालवले आणि त्याखाली सुमारे 50,000 जणांना शिक्षा झाल्या. कलम पूर्ण गेले 1994 मध्ये. नाझी काळातल्या शिक्षा रद्द व्हायला 2002 उजाडले, आणि लोकशाही काळातल्या शिक्षा रद्द व्हायला 2017. मग भरपाई ठरली : प्रत्येक शिक्षेमागे 3,000 युरो, तुरुंगातल्या प्रत्येक वर्षामागे 1,500. तोवर भरपाई घ्यायला किती जण उरले असतील, याचा अंदाज वाचकानेच करावा. न्युरेंबर्ग खटल्यांना या विषयाची गंगोत्री मानणाऱ्यांनी हा हिशेब जवळ ठेवलेला बरा.

आता आपल्याकडचे 1871. मराठी वाचकाला हा कायदा परका नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही ज्यांनी वाचली आहेत त्यांना सेटलमेंट, हजेरी, पोलीसपाटील यांचा अर्थ सांगायला नको. संक्रमणकालीन न्यायाच्या परिभाषेत ही पुस्तके म्हणजे साक्षीच आहेत, फक्त त्या ऐकायला आयोग नव्हता. पण त्या कायद्याला दुसरा भाग होता, आणि तो हिजड्यांविषयी होता. मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानासाठी होता, त्यामुळे आपल्या स्मरणात तो भाग फारसा नाही. त्यानुसार 'संशयित' हिजड्यांची नोंदवही ठेवायची. नाव, राहण्याचे ठिकाण आणि मागितल्यास सगळ्या मालमत्तेचा तपशील. नोंद झालेली व्यक्ती बायकी कपड्यांत किंवा दागिने घालून लोकांत दिसली, नाचली, वाजवताना सापडली तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला तरी तीच शिक्षा. तिला पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. ही शेवटची चार बंधने नीट वाचावीत. इथे सरकार माणसाला कैद करून थांबत नाही; त्याच्या मागे कोणी उरणार नाही याची तजवीज करते.

हिजड्यांविषयीचा तो भाग 1911 च्या नव्या कायद्यातून गळला. 1952 मध्ये उरलेला कायदाही गेला आणि 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन झाला. तरी सुटलेला हिजडा, समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 खाली होताच. निजामाच्या राज्यात, म्हणजे मराठवाडा ज्याचा भाग होता त्या राज्यात, 1919 मध्ये असाच नोंदवहीचा कायदा झाला. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै 2023 मध्ये. मधल्या काळात निजाम गेला, हैदराबाद संस्थान गेले, भाषावार प्रांत झाले, आंध्र फुटले. नोंदवही कायद्याच्या पुस्तकात राहिली. कर्नाटकाने तर 2011 मध्ये पोलीस कायद्यात नवे कलम घालून तीच नोंदवही पुन्हा आणली, आणि आव्हान मिळाल्यावर त्यातला हिजडावाचक शब्द काढून मोघम 'व्यक्ती' लिहिले. असे कायदे मरत नाहीत, कूस बदलतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. भारतात ना हुकूमशाही कोसळली, ना शांतता करार झाला. मग संक्रमण कसले? उत्तर असे, की ही शाखा स्वतःच आता एवढी कर्मठ राहिलेली नाही. कॅनडात कोणतेही सत्तांतर न होता मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांविषयी 2008 ते 2015 सत्यशोधन आयोग बसला. त्याच देशाच्या पंतप्रधानांनी 28 नोव्हेंबर 2017 रोजी, समलैंगिक म्हणून लष्करातून आणि सरकारी नोकरीतून हाकललेल्या लोकांची संसदेत माफी मागितली. आपल्याकडे कलम 377 वरील 6 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले, की या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. वाक्य गाजले, आणि गाजायलाच हवे होते. पण माफी मागणारा कोण? इतिहास. सरकार नव्हे, संसद नव्हे, पोलीस नव्हेत. आणि त्याच मतपत्रात असेही आहे की निकाली निघालेले जुने खटले या निर्णयामुळे पुन्हा उघडणार नाहीत. जर्मनीशी तुलना करायची असेल तर ती या जागी करावी.

पुढे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीचा कायदा गेला, भारतीय कायदा आला, असा गाजावाजा झाला. म्हणजे सरकारी भाषेतही हे संक्रमणच. त्यात 377 मुळी उरलेच नाही. पण 2018 नंतर त्या कलमाचा जो भाग मुद्दाम जिवंत ठेवला होता, म्हणजे पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर झालेल्या जबरदस्तीविरुद्धचा आधार, तोही त्याबरोबर गेला. बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेला गुन्हा अशीच राहिली, आणि तिथे शिक्षा किमान दहा वर्षे. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे ठेवली होती. लिंगाच्या रकान्याने एकाच यातनेची दोन वजने केली.

लॅटिन अमेरिकेकडे वळतो, कारण या विषयाचे खरे विद्यापीठ तिथे आहे. पेरूमध्ये 31 मे 1989 रोजी तारापोतो शहरात 'लास गार्देनियास' नावाच्या बारमधून एमआरटीए या सशस्त्र डाव्या गटाने आठ समलैंगिक आणि पारलिंगी माणसांना बाहेर काढून ठार केले आणि हे समाजशुद्धीचे काम म्हणून मिरवले. 2003 च्या सत्यशोधन अहवालाने ही घटना नोंदवली. लष्कर आणि बंडखोर एकमेकांचे वैरी होते, पण कोणाला समाजातून निपटून काढायचे याबाबत त्यांचे फारसे दुमत नव्हते, हे त्यातून दिसते. क्रांतीची आस असलेल्या आपल्याकडच्या वाचकाने ही नोंद डोळ्यांआड करू नये. अर्जेंटिनात आयोगाने 1984 मध्ये 8,960 बेपत्ता लोकांची नोंद केली, पण कोणाला समलैंगिक म्हणून उचलले होते ते अहवालात आले नाही. पारलिंगी स्त्रियांवरचे अत्याचार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत, असे ला प्लाता येथील न्यायालयाने म्हटले ते 26 मार्च 2024 रोजी, बानफील्डच्या गुप्त छळकेंद्राच्या खटल्यात. चाळीस वर्षे लागली.

कोलंबियाची गोष्ट सगळ्यांत गुंतागुंतीची, आणि म्हणूनच मी विद्यार्थ्यांना तिथून सुरुवात करायला सांगतो. तिथल्या 2011 च्या पीडित कायद्याने लैंगिक कल विचारात घ्यायचे ठरवले. 2016 च्या शांतता करारात लिंगभावाचा विचार जागोजाग होता. आणि 2 ऑक्टोबर 2016 च्या सार्वमतात करार पडला, विरोधात 50.2 टक्के. हा करार कुटुंबव्यवस्था मोडणार, मुलांना बिघडवणार, हा विरोधकांच्या प्रचाराचा एक मोठा सूर होता. पन्नास वर्षांच्या यादवीचा प्रश्न एका बाजूला, आणि समलैंगिकांची भीती दुसऱ्या बाजूला. मजकुरात फेरफार करून करार पुढे संसदेतून मंजूर झाला. 2022 मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. त्यात स्त्रिया आणि क्वीअर व्यक्तींच्या साक्षींना स्वतंत्र खंड मिळाला. शांततेच्या विशेष न्यायालयाने 2023 मध्ये लैंगिक हिंसेचे स्वतंत्र प्रकरण उघडले, आणि त्यात लैंगिकतेपोटी झालेला छळही येतो. एकाच देशात बारा वर्षांत एवढी उंची आणि एवढी आपटी.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा प्रवास थोडक्यात सांगतो. 1998 च्या रोम कराराने लिंगभावाची व्याख्या स्त्री आणि पुरुष या दोनांत बांधली. 8 जुलै 2025 रोजी त्याच न्यायालयाने तालिबानच्या दोन नेत्यांविरुद्ध लिंगभावावरून छळ केल्याबद्दल अटक वॉरंटे काढली आणि त्यात तालिबानच्या लिंगविषयक धोरणात न बसणाऱ्या व्यक्तींचाही समावेश केला.

हे सगळे जुनवानीत बसून लिहिताना घराजवळचे टाळता येत नाही. भिलाईच्या कडेचे हे गाव आता कॉलेजे आणि वसाहतींनी वेढले गेले आहे. 1854 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. इथली काही मराठी घराणी तेव्हाची, बाकीची पोलाद कारखान्यामागून आलेली. छत्तीसगड पोलिसांनी 2021 मध्ये 13 पारलिंगी व्यक्तींना शिपाई म्हणून निवडले. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय हवा म्हणून 2022 च्या अखेरीस उच्च न्यायालयाला सरकारला खडसवावे लागत होते, तेव्हा इथे वर्दी अंगावर चढली होती. त्याच्याही आधी, जानेवारी 2015 मध्ये, छत्तीसगडमधल्याच रायगढच्या मतदारांनी मधुबाई किन्नर यांना महापौर केले होते. मराठी माणसाने इथून शिकावे असे बरेच आहे.

पण 2022 मध्ये बस्तर फायटर्स या नव्या दलातही 9 पारलिंगी जवान भरती झाले, आणि तिथे प्रश्न अवघड होतो. बस्तर म्हणजे 2005 ची सलवा जुडूम ही माओवाद्यांविरुद्धची सशस्त्र मोहीम, जिच्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 रोजी घटनाबाह्य ठरवली. बस्तर म्हणजे जून 2012 चे सारकेगुडा : सुरक्षा दलांच्या गोळीबारात 17 जण मारले गेले, आणि ते माओवादी असल्याचा पुरावा नाही असे न्यायिक आयोगाने 2019 मध्ये सांगितले. ज्या भागात आदिवासी गावे न्यायाची वाट बघत आहेत, तिथल्या सुरक्षा दलात पिढ्यानपिढ्या पोलिसांचा मार खाल्लेल्या समाजातली मुले जातात. याला समावेश म्हणायचे, की एका उपेक्षिताच्या हाती दुसऱ्याच्या विरोधातली काठी देणे म्हणायचे? माझे मत स्पष्ट आहे. दुकानोदुकानी टाळी वाजवून पोट भरणाऱ्या व्यक्तीला पगाराची नोकरी मिळाली तर तिला तत्त्वज्ञान ऐकवण्याचा हक्क माझ्यासारख्या पगारदाराला नाही. पण भरती ही नोकरी आहे, न्याय नव्हे. सरकारने ती न्याय म्हणून खपवू नये, आणि क्वीअर चळवळीने ती न्याय म्हणून साजरी करू नये. सारकेगुड्याच्या हिशेबातून त्याने एक पैही वळती होत नाही.

राहिला नात्याचा रकाना. वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, दंगलीत गुरू मारला गेला तर पैसे चेल्याला मिळतील का?" उत्तर सोपे आहे : नाही. भरपाई वारसाला मिळते, वारस म्हणजे रक्ताचे किंवा लग्नाचे नाते, आणि बहुतेक किन्नरांना त्याच रक्ताच्या नात्याने लहानपणी घराबाहेर काढलेले असते. डेऱ्यात, म्हणजे हिजड्यांच्या सामाईक घरात, गुरू हीच आई, सासू आणि मालकीणही; म्हातारपणी तिला सांभाळणारी चेली, तिच्या मागे पांढरे नेसणारी चेली. कायद्याच्या कागदावर मात्र ती बहुतेक वेळा कोणीच नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देणे नाकारले, त्यामुळे समलिंगी जोडप्यांसाठी लग्नाचा दरवाजाही बंद आहे. जगभरच्या भरपाई योजनांना हा प्रश्न पडतो, पण त्याचे उत्तर शोधायला भारताइतकी भरपूर सामग्री क्वचितच कुठे असेल, कारण इथे रक्ताबाहेरचे घराणे शेकडो वर्षे चालत आले आहे, नियमांसकट, दंडासकट, वाटण्यांसकट. त्याला भाबडेपणाने आदर्श मात्र मानू नये. डेऱ्यातही शोषण आहे, चेल्यांची देवघेव आहे, कर्ज आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी'सारखी आत्मकथने आणि बिंदुमाधव खिरे यांचे पुण्यातले काम यांतून मराठी वाचकाला या दुनियेची तोंडओळख आहे. त्यापुढचा अभ्यास अजून व्हायचा आहे.

तो मराठीत व्हावा असे मला वाटते, आणि यात भाषाभिमानापेक्षा सोय जास्त आहे. मराठेशाहीतल्या सनदा मोडीत आहेत. मोडी येणारी माणसे आपल्याकडे आहेत, विमुक्तांच्या साक्षींचे साहित्य आपल्याकडे आहे, आंबेडकरी परंपरेने भरपाई आणि प्रतिनिधित्व यांवर केलेला खल आपल्याकडे आहे. बोगोटाच्या अभ्यासकाला यातले काहीच हाताशी नसते.

ज्यांना या विषयात उतरायचे आहे त्यांना एकच विनंती. निकाल आणि अहवाल वाचून झाले की डेऱ्यांत जा, बस्तरला जाणार असाल तर आधी हलबी किंवा गोंडी शिका, आणि कोणी काही सांगितलेच तर नाव छापायचे की नाही हे सांगणाऱ्याला ठरवू द्या. छापण्यापूर्वी मजकूर त्याला वाचून दाखवा, आणि तो 'नको' म्हणाला तर प्रबंधातून ते पान काढून टाका.